प्रश्नावली कुणाची?



दिवाळीनंतरच्या पहिल्याच बैठकीला मानसशास्त्र शिकणारी एक मुलगी आमच्याकडे आली. एम.ए.च्या प्रकल्पासाठी तिला पन्नास प्रश्नावल्या भरून हव्या होत्या. विषय होता 'सामाजिक ओळख आणि आपलेपणाची भावना'. बैठकीला नेहमीच्या दहा-बाराजणी होत्या. घरकाम करणाऱ्या, अंगणवाडी सेविका, दोन शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेली एक. मुलीने कागद वाटले. पहिलंच विधान होतं, 'मी जिथे राहते तिथलीच आहे असं मला वाटतं.' त्यापुढे पाच चौकोन : पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत.

घरकाम करणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीने ते वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "जिथे राहते म्हणजे नेमकं कुठे गं? माहेरी गेले की पाहुणी. सासरी तीस वर्षं झाली तरी बाहेरून आलेली. वस्ती म्हणशील तर महापालिकेच्या लेखी ती बेकायदा. आणि दिवसाचे सात-आठ तास ज्या घरांमध्ये जातात तिथे माझा चहाचा कप वेगळा. यातल्या कुठल्या जागेसाठी खूण करू?"

मुलगी गोंधळली. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, मग तुम्ही 'सांगता येत नाही'वर खूण करा."

"सांगता येतंय की! तुझ्या कागदात जागा नाही."

सगळ्या हसल्या, तीही हसली. पण ते वाक्य आमच्या डोक्यातून गेलं नाही. या अंकाचा विषय त्यातूनच ठरला : विद्यार्थिनींचं संशोधन, आणि ते करण्याची संधी कुणाला मिळते हा प्रश्न.

त्या मुलीला बोल लावण्यात अर्थ नाही. तिच्या हातात तीन आठवडे होते. परदेशात तयार झालेली मापनपट्टी होती, तिचं तिनेच रात्री बसून मराठी केलं होतं. बैठक संपल्यावर चहा पिताना ती मोकळी झाली. "मला खरं तर वेगळंच विचारायचं होतं," ती म्हणाली. "मी हॉस्टेलला पहिल्या दिवशी गेले तेव्हा खोलीतल्या मुलीने नाव विचारलं. मी नाव सांगितलं. तिने लगेच विचारलं, 'पूर्ण नाव?' मी आडनाव सांगितलं आणि त्यानंतर ती वर्षभर माझ्याशी चांगलंच वागली, पण तिच्या डब्यातलं काही तिने मला कधी दिलं नाही आणि माझ्यातलं घेतलं नाही. त्या 'पूर्ण नाव?' या दोन शब्दांवर मला काम करायचं होतं. मार्गदर्शक म्हणाले, अनुभव म्हणजे संशोधन नव्हे. तयार पट्टी आहे, ती वापरा."

अनुभव म्हणजे संशोधन नव्हे, हे खरंच आहे. पण संशोधनाचा प्रश्न कुठून येतो? तो कुणाच्या तरी जगण्यातूनच येतो. ज्यांच्या जगण्यातून तो आजवर येत गेला त्यांचं जगणं 'शास्त्र' म्हणून पुढे आलं आणि बाकीच्यांचं 'वैयक्तिक अनुभव' म्हणून बाजूला पडलं. आमचं म्हणणं एवढंच आहे की आपण कुणीतरी परके आहोत हे जिला रोज कळतं, तिला या विषयात फक्त उत्तरं देणारी म्हणून न ठेवता प्रश्न विचारणारी म्हणून जागा मिळाली पाहिजे. ही तिच्यावरची मेहेरबानी नाही. तिच्यावाचून हा विषय लंगडा राहतो.

विद्यार्थिदशेत केलेलं काम म्हणजे गुणांपुरतं काम, असं आपण धरून चालतो. या विषयाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. तीन उदाहरणं पाहू.

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये एक निबंध छापून आला : 'मांग महाराच्या दुःखाविषयी'. लिहिणारी मुक्ता साळवे पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. वय सुमारे चौदा, जात मांग. ज्या धर्माच्या ग्रंथांना आम्ही हातही लावायचा नाही तो धर्म आमचा कसा, हा तिचा प्रश्न होता. तिच्या जातीतल्या बायकांना डोक्यावर छप्पर नसताना बाळंत व्हावं लागतं, हेही तिने लिहिलं. आजच्या परिभाषेत हा सामाजिक ओळख आणि आपलेपणा यांवरचाच निबंध आहे. तिला त्यासाठी कुणी मापनपट्टी दिली नव्हती. शाळेने तिला लिहायला शिकवलं आणि तिचा प्रश्न तिचा म्हणून राहू दिला. शिक्षकांनी एवढं केलं तर काय होतं, याचा पुरावा पावणेदोनशे वर्षं आपल्याजवळ आहे.

दुसरं उदाहरण १९१६ सालचं, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातलं. मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतच लग्नं करण्याच्या नियमावर, आणि हा नियम टिकवायचा तर बाईवर ताबा ठेवावा लागतो, ही त्याची मांडणी. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांच्याकडे त्यांनी या दृष्टीने पाहिलं. 'आम्ही' आणि 'ते' यांच्यामधली भिंत बाईच्या शरीरावरून जाते, हे स्त्रीवादी अभ्यासाने पुढे पुष्कळ विस्ताराने मांडलं. पण त्याची एक पक्की वीट एका विद्यार्थ्याच्या निबंधात होती.

तिसरं उदाहरण अमेरिकेतल्या एका मुलीचं. मेमी फिप्स ही आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्ज गावची कृष्णवर्णीय मुलगी १९३४ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गणित शिकायला आली. गणिताच्या प्राध्यापकांना मुलींमध्ये फारसा रस नव्हता. ती मानसशास्त्राकडे वळली. एम.ए.च्या प्रबंधासाठी तिने विषय घेतला तो शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाच्या कृष्णवर्णीय मुलांचा : आपण कोण, हे त्यांना केव्हा आणि कसं कळू लागतं? १९३९ साली हा प्रबंध पूर्ण झाला. तिने आणि तिचे पती केनेथ क्लार्क यांनी हेच काम पुढे नेलं. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर त्यांनी बाहुल्या ठेवल्या, दोन गोऱ्या आणि दोन सावळ्या. छान बाहुली कुठली? वाईट कुठली? तुझ्यासारखी कुठली? बहुसंख्य मुलांनी गोऱ्या बाहुलीला छान म्हटलं. 'तुझ्यासारखी कुठली?' या शेवटच्या प्रश्नाला काही मुलं रडली, काही खोलीबाहेर पळाली.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. निकालपत्राच्या अकराव्या तळटीपेत सामाजिक शास्त्रांतल्या अभ्यासांचे दाखले आहेत. त्यात सर्वांत आधी नाव येतं ते केनेथ क्लार्क यांचं. मेमीचं नाव तिथे नाही. हे काम मुळात तिचं होतं, आपण त्यात नंतर शिरलो, असं केनेथ यांनी स्वतःच पुढे सांगितलं. पण तळटीप तशीच राहिली.

मेमीची गोष्ट इथे संपत नाही. तिने १९४३ साली कोलंबियातूनच डॉक्टरेट मिळवली. तिथून मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिचे मार्गदर्शक हेन्री गॅरेट वर्णभेदाचे समर्थक होते. पुढे व्हर्जिनियातल्या शाळांच्या खटल्यात ते वर्णभेदाच्या बाजूने साक्षीला उभे राहिले, तेव्हा त्यांचं म्हणणं खोडून काढायला मेमी साक्षीला उभी राहिली. एवढी पात्रता असूनही न्यूयॉर्कमध्ये तिला तिच्या योग्यतेची नोकरी मिळेना. शेवटी १९४६ साली तिने हार्लेममध्ये मुलांसाठी स्वतःचं मार्गदर्शन केंद्र काढलं आणि ते अनेक वर्षं चालवलं. विद्यार्थिनीचा प्रश्न, मार्गदर्शकाचा विरोध, श्रेयातली वजाबाकी, नोकरी नाही, आणि तरीही काम चालूच. मैत्रिणींनो, यातलं काय आपल्याला अनोळखी आहे?

आता मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांकडे येऊ. 'सामाजिक ओळख' हा शब्दप्रयोग रूढ केला तो हेन्री ताजफेल यांनी. मी कोण, या प्रश्नाच्या उत्तराचा जो भाग आपण कुठल्या गटातले यावरून ठरतो, आणि त्या गटाचं असण्याला आपल्या मनात जी किंमत असते, तिला त्यांनी हे नाव दिलं. ताजफेल पोलंडचे ज्यू. फ्रान्समध्ये शिकत असताना दुसरं महायुद्ध सुरू झालं. ते फ्रेंच सैन्यात गेले आणि जर्मनांचे युद्धकैदी झाले. आपण मूळचे पोलंडचे आहोत हे त्यांनी लपवलं, म्हणून वाचले. परत आले तेव्हा घरची जवळजवळ सगळी माणसं मारली गेली होती. 'पूर्ण नाव?' या प्रश्नाची धार त्यांना ठाऊक होती. त्यांचं सगळं संशोधन त्या अनुभवाच्या सावलीत उभं आहे, आणि त्यामुळे ते कमी शास्त्रीय झालं असं कुणी म्हणत नाही.

त्यांचा गाजलेला प्रयोग १९७० साली प्रसिद्ध झाला. ब्रिस्टलजवळच्या एका शाळेतली १४-१५ वर्षांची ६४ मुलं घेतली. अगदी क्षुल्लक कारण सांगून त्यांचे गट पाडले : पडद्यावरचे ठिपके कुणी जास्त मोजले, कुणी कमी. खरं तर गट चिठ्ठ्या टाकल्यासारखेच पाडले होते. मग दुसऱ्या मुलांना थोडे पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटातल्यांना जास्त दिले. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, अशीही निवड केली. 'आम्ही' आणि 'ते' घडवायला शत्रुत्वाचा इतिहास लागत नाही, नुसती रेघ पुरते, हे त्यातून दिसलं.

त्याआधी १९५४ साली मुझफर शरीफ यांनी ओक्लाहोमातल्या एका उन्हाळी शिबिरात दोन गट पाडून, स्पर्धा लावून वैर कसं वाढतं आणि एकत्र काम केल्यावर ते कसं ओसरतं हे पाहिलं. अकरा वर्षांच्या आसपासची बावीस मुलं. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. उच्च जातीची ३२१ आणि दलित जातींची ३२१ मुलं. त्यांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. कुणाची जात काय हे जाहीर केलं नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामात फरक पडला नाही. सर्वांसमोर नाव, गाव, जात वाचून दाखवली तेव्हा दलित मुलांची कोडी कमी सुटली. बुद्धी तीच, हात तेच. बदललं ते एवढंच की आपल्याकडे कोण म्हणून पाहिलं जातंय हे त्यांना कळलं.

हे तिन्ही अभ्यास मोलाचे आहेत. त्यांच्यामधलं एक साम्य मात्र पाठ्यपुस्तकं सहसा सांगत नाहीत. वर 'मुलं' असं लिहिलं त्याचा अर्थ तिन्ही ठिकाणी 'मुलगे' असा आहे. मुली एकाही प्रयोगात नव्हत्या.

संशोधकांची त्या त्या वेळची व्यावहारिक कारणं असतील. पण यातून काय सुटलं पाहा. या प्रयोगांतला 'आम्ही' एका बाजूला ठाम उभा आहे. मुलगा ज्या गटात जन्मला त्यातच तो राहतो, त्याचं नाव तेच राहतं. आपल्याकडच्या मुलीचं तसं नाही. विसाव्या-बाविसाव्या वर्षी एका दुपारी तिचं आडनाव, घर आणि कुळाचार बदलतात. पुष्कळ घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून तिचं स्वतःचं नावही बदललं जातं. कालपर्यंतचे 'आम्ही' आता 'माहेरची माणसं' होतात. नवे 'आम्ही' तिला आपलं म्हणायला किती वर्षं घेतील याचा भरवसा नसतो. एका दुपारी गट बदलणाऱ्या माणसाची सामाजिक ओळख म्हणजे काय? आमच्या मैत्रिणीने चौकोनापुढे बसून हाच सवाल केला होता. तो विचारायला तिला ताजफेल वाचावे लागले नाहीत. पण ताजफेल वाचलेली एखादी मुलगी तिच्याशेजारी बसली तर त्या सवालातून नवं काही उभं राहील.

असं शेजारी बसणं आपल्याकडे पूर्वी झालेलं आहे. १९७४ साली नीरा देसाई यांच्या पुढाकाराने श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं, ते देशातलं पहिलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधल्या, त्यांना बोलतं केलं, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. विद्यापीठांच्या इतिहासात ज्या बायका नव्हत्या त्या त्या पुस्तकात नावागावासह आल्या. शर्मिला रेगे यांनी पुण्यात शिकवताना दलित स्त्रियांच्या आत्मकथनांकडे ज्ञान म्हणून पाहायला विद्यार्थ्यांना शिकवलं. पायवाट आहे. मुद्दा आहे तो त्या वाटेवर विद्यार्थिनीला पाऊल टाकता येतं का, हा.

इथे एक सावधगिरी हवी. जिने भोगलं तिचंच खरं, असं म्हणून थांबलो तर ते संशोधन होणार नाही, घोषणा होईल. बाहुल्यांच्या अभ्यासावरही पुढे टीका झाली. मुलाने गोरी बाहुली निवडली म्हणजे त्याला स्वतःबद्दल कमीपणा वाटतो असं म्हणता येईल का, हा प्रश्न कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनीच विचारला. १९९५ साली क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरन्सन यांनी दाखवलं की आपल्या गटाबद्दलचा वाईट समज आठवला की परीक्षेत कामगिरी घसरते. हा निष्कर्ष जगभर गाजला, पण मोठ्या संख्येने पुन्हा केलेल्या काही प्रयोगांत तितका ठळक दिसला नाही. म्हणून तो विषय मोडीत निघत नाही. पण आपल्याला हवं तेच उत्तर मिळेल अशी हमी संशोधन देत नाही, हे आपणही स्वीकारलं पाहिजे. वसतिगृहातल्या 'पूर्ण नाव?'वर काम करणाऱ्या मुलीला कदाचित असंही आढळेल की काही खोल्यांमध्ये त्या प्रश्नानंतरही मैत्री झाली. मग ती तिथे का झाली, हे शोधणं तिचं काम.

दुसरी सावधगिरी उलट्या बाजूची. दलित मुलगी आली की तिने दलितांवर, आदिवासी आली की आदिवासींवर आणि मुसलमान आली की बुरख्यावरच प्रबंध लिहावा, असंही होऊ लागलं आहे. हाही एक पिंजराच. तिला ज्या विषयात रस असेल तो तिचा. स्मरणशक्तीवर काम करायचं असेल तर तिने तेच करावं. आपला प्रश्न विचारण्याचा हक्क म्हणजे आपला प्रश्न निवडण्याचाही हक्क.

आता संधींबद्दल. कागदावर त्या पूर्वीपेक्षा वाढल्या आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी आली, तिच्या चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' घेता येतं. पदवीच्या पातळीवर मुलीला स्वतःचा प्रकल्प मिळणं ही चांगली गोष्ट आहे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यात त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. पहाटे घरचं आवरून, एस.टी.ने दोन तास प्रवास करून, मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत पेपर लिहिणाऱ्या मुलीला ७२ टक्के मिळाले तर दार बंद. आपलेपणाचा अभ्यास कुणी करायचा हे अशा रीतीने आधीच ठरतं.

नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी एम.फिल. ही पायरी, एखाददुसरा अपवाद सोडून, काढून टाकली. लग्न आणि नोकरी सांभाळून दोन वर्षांत संशोधनाची चव घेता येईल असा तो टप्पा अनेकींना सोयीचा होता. आता थेट पीएच.डी.ची अनेक वर्षं. मुली तिथेही पोचल्या आहेत हे मान्य केलं पाहिजे. सरकारी सर्वेक्षणानुसार पीएच.डी. करणाऱ्या स्त्रिया २०१४-१५मध्ये ४८ हजार होत्या, २०२१-२२मध्ये त्या ९९ हजारांच्या घरात गेल्या. एवढ्या जणींनी ही वाट धरली ती सोयी होत्या म्हणून की गैरसोयी असूनही, हे त्यांनाच विचारायला हवं.

सावित्रीबाईंच्या नावाने आयोगाची एक अधिछात्रवृत्ती आहे. ती मिळते आईबापांच्या एकुलत्या एका मुलीला, भाऊ नसलेल्या. मुलगा हवा म्हणून चार बहिणींनंतर भाऊ झाला अशा घरातल्या मुलीला ती नाही. पुत्रहव्यासाची किंमत जिने सर्वांत जास्त मोजली ती मुलगी सावित्रीबाईंच्या नावातूनही वगळली जाते. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, पण त्या वेळेवर आणि पूर्ण मिळाव्यात म्हणून संशोधक विद्यार्थ्यांना रस्त्यावर बसावं लागलं. विद्यापीठांत २००६पासून 'आविष्कार' स्पर्धा होते, तिथे हुशार मुली चमकतात. पण स्पर्धेचा तक्ता मांडणं वेगळं आणि दोन वर्षं एका प्रश्नामागे राहणं वेगळं.

आणि मग रोजच्या गोष्टी. प्राध्यापकांच्या प्रकल्पासाठी वस्तीत फिरून माहिती गोळा करायला मुली लागतात, कारण बायका मुलींशीच बोलतात. त्या कामाला अनेकदा मानधन नसतं, 'अनुभव मिळेल' असं सांगितलं जातं. माहिती मुलींनी आणायची, आकडेमोड दुसऱ्याने करायची, आणि निबंधावर नाव तिसऱ्याचं. संध्याकाळी सातनंतर वसतिगृहाचं फाटक बंद होतं, आणि कामावरच्या बायका भेटतात त्या सातनंतरच. शिवाय संशोधक मुलीचं सगळं भवितव्य एका मार्गदर्शकाच्या सहीवर टांगलेलं असतं. २०१३चा कायदा आणि विद्यार्थिनींनाही संरक्षण देणारे आयोगाचे २०१५चे नियम आहेत. पण अंतर्गत समितीकडे जायचं म्हणजे त्याच सहीच्या विरोधात जायचं, हे प्रत्येकीला माहीत असतं.

आपलेपणा ही हळवी, फावल्या वेळातली बाब आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१६ साली हैदराबादेत रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आयुष्य संपवलं हे आठवावं. दोघेही उच्च शिक्षणाच्या आतल्या दालनापर्यंत पोचले होते. प्रवेश मिळणं आणि सामावून घेतलं जाणं यांच्यातलं अंतर जिवावर बेतू शकतं.

हे अंतर मुलीच्या मनात आहे की संस्थेत? यावर अलीकडचा एक अभ्यास फार उपयोगी आहे. अमेरिकेत ग्रेगरी वॉल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटा उपक्रम तयार केला. सुरुवातीला परकं वाटणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं आणि ते हळूहळू सरतं, हे आधीच्या विद्यार्थ्यांच्या अनुभवांतून वाचायचं आणि त्यावर स्वतः लिहायचं. २२ संस्थांतल्या २६,९११ विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं, त्याचे निष्कर्ष २०२३ साली आले. पहिलं वर्ष पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, विशेषतः ज्या गटांतले विद्यार्थी पूर्वी मागे पडत होते त्यांचं. पण कुठे? जिथे त्या गटातल्या विद्यार्थ्यांना त्या संस्थेत खरोखर आपलंसं वाटण्याची संधी होती, तिथेच. जिथे ती नव्हती तिथे मुलांची नुसती समजूत घालून काही झालं नाही.

समुपदेशन केंद्र उघडून मोकळे होणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने हे वाचलं पाहिजे. 'तू मनाला लावून घेऊ नकोस' हे आपण बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं आहे. माती खडकाळ असेल तर बी बदलून भागत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. संशोधनाच्या चौथ्या वर्षासाठी गुणांची एकच अट न ठेवता मुलीने मांडलेला प्रश्न आणि तिची तयारी पाहावी. प्रकल्पासाठी माहिती गोळा करणाऱ्या विद्यार्थिनीला मानधन आणि निबंधात नाव मिळावं. प्रश्नावल्या मराठीत, आणि जिथे गरज आहे तिथे अहिराणी, वऱ्हाडी, गोंडीतही, बायकांबरोबर बसून तयार व्हाव्यात. नुसतं भाषांतर पुरणार नाही. वस्तीतून माहिती नेली तर निष्कर्ष वस्तीत परत येऊन सांगावेत. ज्या बाईने तास दिला तिला त्या तासाचं काय झालं हे कळलं पाहिजे. आणि तिला नको असेल तर 'नाही' म्हणता आलं पाहिजे, 'कॉलेजच्या ताई आल्यात' या दडपणाशिवाय.

नुसत्या मागण्या करून थांबायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे. आमच्या कपाटात अनेक वर्षांच्या बैठकांच्या वह्या आहेत. ज्या बायकांच्या गोष्टी त्यात आहेत त्यांची परवानगी घेऊन, नावं झाकून, त्या विद्यार्थिनींना वाचायला खुल्या करत आहोत. महिन्यातून एका शनिवारी अभ्यासगट बसेल. मानसशास्त्र, समाजशास्त्र, समाजकार्य शिकणाऱ्या मुलींनी आपला प्रश्न घेऊन यावं, वस्तीतल्या बायका तो तपासतील. विद्यापीठाची समिती जेवढी कडक असते त्यापेक्षा ही समिती कडक निघाली तर आम्हाला नवल वाटणार नाही. वाचक मैत्रिणींपैकी ज्या प्राध्यापक आहेत त्यांना विनंती : तुमच्याकडे येणाऱ्या मुलीला पट्टी देण्याआधी एकदा विचारा, तुला काय विचारायचंय?

ती मुलगी गेल्या महिन्यात पुन्हा आली. तिचा प्रकल्प जुन्याच पट्टीवर पूर्ण झाला, गुणही मिळाले. या वेळी तिच्याजवळ छापील कागद नव्हते, एक वही होती. तिने आमच्या त्याच मैत्रिणीला विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुम्ही चार जागा सांगितल्या होत्या. त्यातली कुठली आधी सांगाल?"

मैत्रीण म्हणाली, "कपापासून सुरू कर. लिही."

– संपादक मंडळ